वृद्धाश्रमातला रुग्ण : प्रस्तावना

म्हाताऱ्या माणसाचे आजारपण बहुधा एका प्लास्टिकच्या पिशवीत मावते. पिशवी उपडी केली की पाथर्डीच्या सरकारी दवाखान्याचा केसपेपर निघतो, नगरच्या हाडांच्या डॉक्टरची चिठ्ठी निघते, शाई उडालेला ईसीजी निघतो आणि मेडिकलवाल्याने कात्रीने चार-चार गोळ्यांपुरत्या कापून दिलेल्या पट्ट्या निघतात. त्या पट्ट्यांवर गोळीचे नाव नसते, मुदतीची तारीखही नसते. ती ज्या तुकड्यावर होती तो दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलेला असतो. माणूस घरी असेपर्यंत निदान सून सांगू शकते, गुलाबी सकाळची आणि पांढरी रात्रीची. वृद्धाश्रमात पिशवी येते, सांगणारे माणूस येत नाही.

त्या पिशवीचे पुढे काय होते आणि काय व्हायला हवे, हा या पुस्तकाचा विषय. वृद्धाश्रमावर मराठीत काही कमी लिहिले गेलेले नाही. कथा आहेत, नाटके आहेत, सिनेमे आहेत, आणि त्यांतले बहुतेक मुलांच्या कृतघ्नतेवर आहेत. ते वाचून, पाहून आपण रडतो आणि घरी जातो. पण तिथे राहणाऱ्या आजोबांची लघवी तुंबली, आजींची साखर पहाटे अचानक उतरली, कुणाच्या माकडहाडावरची कातडी लाल दिसू लागली, तर कुणी काय करायचे, यावर वाचायला फारसे मिळत नाही. वृद्धाश्रमाला आपण निवाऱ्याची सोय समजतो. दोन वेळचे जेवण, स्वच्छ अंथरूण, संध्याकाळी भजन. प्रत्यक्षात तिथले बहुतेक रहिवासी एकाहून जास्त आजारांचे, वर्षानुवर्षांचे रुग्ण असतात, आणि त्यांच्या आजारपणाला धनी नसतो. संस्थाचालक म्हणतो, आम्ही काही हॉस्पिटल नाही. हॉस्पिटल म्हणते, यांना घरी न्या. घर तर मागेच सुटलेले असते.

प्रवेशाच्या अर्जापासूनच ही गोम सुरू होते. अनेक वृद्धाश्रमांची अट असते की येणारा माणूस चालता-फिरता हवा, स्वतःची कामे स्वतः करणारा हवा, त्याला संसर्गजन्य रोग नसावा, डोके ठिकाणावर असावे. अट समजण्यासारखी आहे, कारण संस्थेकडे माणसे कमी असतात. पण ही अट लिहिणाऱ्याने असे गृहीत धरलेले असते की अडुसष्टाव्या वर्षी आत आलेला माणूस कायम अडुसष्टाचाच राहील. तो अठ्ठ्याहत्तरचा होतो. त्याच्या अंगावरून वारे जाते, नाहीतर तो न्हाणीत घसरतो. मग नातेवाइकांना फोन लावले जातात, ‘यांना आता आमच्याकडे ठेवता येणार नाही.’ ज्या दिवशी माणसाला संस्थेची सर्वांत जास्त गरज पडते, नेमका त्याच दिवशी तो संस्थेच्या नियमात बसेनासा होतो. अंथरुणाला खिळल्यानंतरही माणसाला ठेवून घेणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. आनंदवनात कुष्ठरोगातून बरे होऊन तिथेच म्हातारे झालेल्यांसाठी ‘स्नेहसावली’ आहे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभे राहिलेले अनाथ पंगू गृह आज ‘निवारा’ म्हणून चालते. तरी एकूण गरजेपुढे अशी ठिकाणे थोडीच.

आता मी जिथून हे लिहितो त्या तिसगावाकडे येतो, कारण हा विषय शहरातून वेगळा दिसतो आणि इथून वेगळा. तिसगाव हे पाथर्डी तालुक्यातले, कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरचे बाजाराचे गाव. अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय इथून चाळीसेक किलोमीटर, आणि मध्ये करंजीचा घाट. रात्री धाप लागलेल्या म्हाताऱ्याला तिथवर न्यायचे तर गाडी हवी, गाडीला पैसे हवेत आणि शेजारी बसायला एक धडधाकट माणूस हवा. यातले तिसरे मिळणे सर्वांत अवघड. पाथर्डी तालुका ऊसतोडणीच्या कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांनीही गेल्याशिवाय तो पुरा होत नाही. मागे राहतात म्हातारे आणि नातवंडे. पाडव्याच्या आसपास टोळ्या परततात, तोवर वाडी-वस्तीवरचे घर हेच एक वृद्धाश्रम झालेले असते. फरक एवढाच, की याला फलक नाही, मावशी नाही आणि स्वयंपाक म्हातारीलाच करावा लागतो. मुलांची शाळा बुडू नये म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहे काढली, ते चांगलेच झाले. त्या मुलांना सांभाळणाऱ्या आजीच्या बीपीच्या गोळ्या नोव्हेंबरात संपल्या तर त्या कुणी आणायच्या, हा प्रश्न कुठल्याच योजनेच्या कागदावर आलेला नाही.

म्हणून या पुस्तकातले बरेचसे सल्ले वृद्धाश्रमाला जितके लागू, तितकेच त्या वस्तीवरच्या घराला लागू आहेत. दोन्हीकडे डॉक्टर रोज नसतो. दोन्हीकडे प्रश्न एकच पडतो : बिघाड सुरू झाला तो दिवस कुणाच्या लक्षात आला?

वृद्धवैद्यक या शास्त्राचा जन्मही अशाच एका विसरलेल्या जागी झाला. लंडनच्या पश्चिमेला वेस्ट मिडलसेक्स रुग्णालय आहे. १९३५ साली त्याला शेजारचा जुना अनाथ-कंगालांचा दवाखाना जोडण्यात आला आणि डॉ. मार्जरी वॉरन या शल्यचिकित्सक बाईंच्या वाट्याला ७१४ रुग्ण आले. म्हातारे, लुळे, भ्रमिष्ट, बरे होण्यासारखे आणि न होण्यासारखे, सगळे एकत्रच वर्षानुवर्षे पडलेले. त्यांचे निदान कुणी केलेले नव्हते. ‘म्हातारपण’ हेच निदान. वॉरनबाईंनी काही चमत्कार केला नाही. त्यांनी प्रत्येकाला तपासले. कोण कशामुळे पडून आहे ते लिहून काढले. ज्यांना उठवणे शक्य होते त्यांना उठवले, कपडे घालायला लावले, चालायला लावले. भिंतींना उजळ रंग दिला, कठडे बसवले. पुष्कळ जण घरी किंवा साध्या निवासात जाऊ शकले, आणि लागणाऱ्या खाटांची संख्या एक-तृतीयांशाच्या आसपास उतरली. १९४३ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर लेख लिहिला. वृद्धवैद्यक ही स्वतंत्र शाखा व्हायला हवी, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे हे बीज मद्रासमध्ये रुजले. डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या प्रयत्नांनी तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात १९९६ मध्ये या विषयाचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला. तिसगावपर्यंत असा तज्ज्ञ यायला किती काळ लागेल याचा अंदाज मी करत नाही. वॉरनबाईंनी केले त्यातले निम्मे काम मात्र तज्ज्ञाशिवाय होण्याजोगे आहे.

सर्वांत आधी गोळ्या. या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण गोळ्यांवर आहे आणि ते तसेच असायला हवे. म्हाताऱ्या माणसाला आजाराने जितका त्रास होतो, जवळजवळ तितकाच त्याच्या औषधांनी होतो. मूत्रपिंडे मंदावलेली असतात, यकृत थकलेले असते, अंगातले पाणी कमी झालेले असते. चाळिशीत सहज पचणारी मात्रा ऐंशीत साठून राहते. त्यात डॉक्टर अनेक. गुडघ्याच्या डॉक्टरने दिलेली वेदनाशामक गोळी पायांवर सूज आणते आणि बीपी चढवते. सूज पाहून दुसरा डॉक्टर लघवीची गोळी देतो. लघवीच्या गोळीने म्हातारा रात्री तीनदा उठतो, त्यातल्या एका वेळी पडतो. झोप मोडते म्हणून तिसरा झोपेची गोळी देतो आणि पडण्याची सोय आणखी पक्की होते. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच उपचार केले. पण सगळी यादी एका नजरेखाली कुणीच घातली नाही.

साखरेच्या गोळ्यांचे तर विशेष. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त गोळी कित्येक घरांत वर्षानुवर्षे चालू असते. म्हाताऱ्या माणसात तिचा अंमल लांबतो आणि साखर धोकादायक खाली जाते. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत तिच्या जागी ग्लिक्लाझाइड घेतले आणि साठीपुढच्यांना ग्लिबेनक्लामाइड योग्य नाही असे नोंदवले. वृद्धाश्रमात याचे रूप काय होते ते पाहा. आजी उपवासाला बसतात, किंवा तोंडाला चव नाही म्हणून अर्धी भाकर ठेवतात. मावशी प्रामाणिकपणे गोळी देते, कारण डब्यावर तसे लिहिलेले असते. पहाटे आजी घामाघूम, बरळत असतात. ‘म्हातारचळ लागला’ म्हणून त्यांना पांघरूण घालून निजवले जाते. त्या वेळी चमचाभर साखर दिली असती, अर्थात आजी गिळण्याइतक्या जाग्या असत्या तर, तर पुढचे टळले असते. जेवण झाले नसेल तर साखरेची गोळी देण्याआधी विचारायचे, ही एक ओळ भिंतीवर लावायला काही खर्च येत नाही.

१९९१ मध्ये डॉ. मार्क बियर्स या अमेरिकी डॉक्टरांनी म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची एक यादी केली. ती यादी मुळात केली गेली होती वृद्धांच्या निवासी संस्थांतल्या रुग्णांसाठी; पुढे ती सगळ्याच वृद्धांना लागू झाली आणि आजही तिची नवी आवृत्ती निघत असते. झोपेच्या काही गोळ्या, खाज-सर्दीच्या जुन्या गोळ्या, नैराश्यावरची काही जुनी औषधे त्यात आहेत. ही औषधे बंद करा असा सल्ला मी देत नाही, कारण काही गोळ्या एकदम थांबवणे त्या चालू ठेवण्याहून वाईट असते. माझे म्हणणे एवढेच की दर तीन महिन्यांनी एका डॉक्टरने पिशवी उपडी करावी आणि प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी हे लिहावे. ज्या गोळीपुढे काहीच लिहिता येणार नाही, तिच्यावर त्याने विचार करावा.

दुसरी मोठी गोष्ट, पाठीचे व्रण. वृद्धाश्रमातल्या मावशींच्या भाषेत बेडसोर. माकडहाड, खुबे, टाचा, जिथे हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस उरत नाही, तिथली कातडी दाबाने मरते. सुरुवात फक्त लालीने होते. बोटाने दाबले तरी ती लाली जात नाही, ही खूण. दोन-चार दिवस कुणी पाहिले नाही तर फोड, मग खळगा, मग आतले हाड. पावडर, तेल, स्पिरिट चोळण्याची जुनी रीत आपल्याकडे अजून आहे. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने १९६२ मध्ये वृद्ध रुग्णांवर केलेल्या अभ्यासातून दाखवले की चोळण्याने काही साधत नाही. कूस बदलत राहणे हाच उपाय. साधारण दोन तासांनी एकदा कूस, ओले कपडे लगेच बदलणे, खाण्यात प्रथिने, आणि जमले तर हवेची गादी. हे सगळे लिहायला सोपे आहे. रात्रपाळीला एकच मावशी आणि खाटांवर एवढी माणसे असतील, तर दोन तासांचा नियम कोण पाळणार? म्हणून बेडसोर झाल्यावर मावशीला रागावण्याआधी रात्रपाळीचा तक्ता पाहावा. ती जखम मावशीच्या आळसाने क्वचित होते. बहुतेक वेळा माणसे कमी असल्यामुळे होते.

पडण्यावर मी थोडक्यात लिहितो, कारण पुस्तकात ते सविस्तर आहे. खुब्याचे हाड मोडल्यावर ‘आता या वयात कशाला ऑपरेशन’ हे वाक्य आपल्या भागात फार ऐकू येते. ऑपरेशन पुन्हा पळण्यासाठी नसते. दुखणे थांबावे आणि माणसाला बसता यावे, यासाठी असते. जो बसू शकत नाही त्याला बेडसोर होतो, छातीत कफ साठतो, आणि काही आठवड्यांत सगळे संपते. ते संपणे लोक म्हातारपणाच्या नावावर मांडतात.

अचानक येणाऱ्या भ्रमाबद्दल मात्र अडून बसले पाहिजे. काल व्यवस्थित बोलणारे नाना आज नातवाला ओळखत नाहीत, भिंतीशी बोलतात, रात्रभर उठ-बस करतात. हा विस्मृतीचा आजार नव्हे. विस्मृती महिन्या-वर्षांनी हळूहळू येते. हा भ्रम तासा-दिवसांत येतो आणि बहुधा अंगातल्या दुसऱ्याच कुठल्या बिघाडाची खबर देतो. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, अंगातले पाणी कमी होणे, नवी सुरू झालेली गोळी. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया होऊनही ताप येईलच असे नसते. तहानही कमी लागते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी मागितले नाही म्हणून नको असेल, असे समजायचे नाही. साठी बुद्धी नाठी ही म्हण या बाबतीत माणसे मारते. अशा वेळी नाना पडू नयेत म्हणून त्यांना खाटेला बांधून ठेवण्याची पद्धत कुठे कुठे आहे. बांधल्याने भ्रम वाढतो, ओरडा वाढतो, मनगटे सोलतात. अमेरिकेने १९८७ च्या कायद्याने आपल्या नर्सिंग होममध्ये अशा बांधण्यावर बंधन आणले. आपण निदान एवढे करू शकतो की बांधण्याआधी लघवी आणि पोट तपासावे.

आणखी एक, ज्यात वैद्यक फारसे नाहीच. कानातला मळ काढणे, चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, कवळी नीट बसवणे. ज्याला ऐकू येत नाही तो एकलकोंडा दिसतो, ज्याला दिसत नाही तो भित्रा दिसतो, ज्याला चावता येत नाही तो हट्टी दिसतो. संस्थेत अशांच्या स्वभावावर शेरे पडतात.

कायद्याचे काय? तेवढ्यापुरता आपला देश मागे नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ चा. त्याच्या १९व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम सांगितला आहे. विसावे कलम वैद्यकीय मदतीचे : सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांना शक्य तिथवर खाटा, वेगळ्या रांगा, दीर्घ आजारांवरील उपचारांची वाढ, जिल्हा रुग्णालयात वृद्धरुग्णांसाठी राखीव सोय. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची ओपीडी अपेक्षित आहे. २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत आणि वृद्धांसाठी कोणत्या वैद्यकीय सोयी आहेत याची माहिती गोळा करायला सांगितले. कायदा होऊन अकरा वर्षे झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाला मोजणीपासून सुरुवात करावी लागते, यातून काय ते कळावे.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. मोठी गोष्ट आहे. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. महिन्याच्या गोळ्या, डायपर, हवेची गादी, रात्रीची मावशी यांना ते लागू होत नाही, आणि वृद्धाश्रमातला खर्च नेमका याच गोष्टींचा असतो. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये त्यात कुठवर पुरणार? बहुतेक वृद्धाश्रम धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या विश्वस्त संस्था असतात. त्यांचे हिशेब दरवर्षी तपासले जातात. रहिवाशांची वजने कुणी तपासत नाही.

तपासणीचा विषय निघालाच आहे तर आगीचेही बोललेच पाहिजे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आपल्याच जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोविडचे ११ रुग्ण त्या दिवशी दगावले. स्वतःहून उठून पळता न येणारी माणसे जिथे एकत्र निजतात, तिथे विजेची वायरिंग, ऑक्सिजनची नळी आणि दुसरा दरवाजा हे उपचाराचेच भाग असतात. वृद्धाश्रमाच्या खिडक्यांना चोरांच्या भीतीने बसवलेले पक्के गज मला नेहमी अस्वस्थ करतात.

मग शेवटच्या दिवसांचा प्रश्न. श्वास लागला, आता हलवायचे की नाही, हे ठरवते कोण? मुलगा फोन उचलत नाही, किंवा उचलतो आणि ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ म्हणतो. संस्थेला पोलिसांची भीती, उद्या कुणी आरोप केला तर काय ही भीती. म्हणून रुग्णवाहिका बोलावली जाते, आणि ज्याला आपल्या खाटेवर, ओळखीच्या माणसांत जायचे होते तो घाटातल्या वळणावर किंवा अनोळखी वॉर्डात जातो. त्याला आधी कुणी विचारलेलेच नसते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ही इच्छा आधी लिहून ठेवण्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते. कागद करा वा न करा, प्रवेशाच्या वेळी नाही तर पहिल्या वर्षात तरी विचारायला हरकत नाही : खूप आजारी झालात तर कुठे राहायला आवडेल? विचारले की माणसे घाबरतात, असा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. विचारल्यावर पुष्कळ जणांना मोकळे वाटते. घाबरतो तो विचारणारा.

डॉक्टर रोज नसताना हे सगळे करणार कोण, हा आक्षेप वाचक घेईलच. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात फार पूर्वी दिले गेले आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने जामखेडला काम सुरू केले. गावागावातल्या बायका, त्यांतल्या अनेक निरक्षर, अनेक दलित, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवल्या. बाळंतपण, बालकांचे वजन, जुलाब, कुष्ठरोगाची खूण हे सगळे त्या शिकल्या आणि दुसऱ्यांना शिकवू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. त्या कामाचा भर बालकांवर आणि मातांवर होता, ते त्या काळाला धरूनच होते. पण त्यामागची गोष्ट वयाशी बांधलेली नाही. बिघाडाची पहिली खूण डॉक्टरला दिसत नसते, ती रोज जवळ असणाऱ्याला दिसते. त्याला कुठली खूण पाहायची हे शिकवले पाहिजे आणि त्याचे ऐकले पाहिजे. जामखेडच्या बायका बालकाचे वजन तक्त्यावर मांडायला शिकल्या. वृद्धाश्रमातली मावशी आजींचे वजन मांडायला शिकणार नाही, असे मानायला काही कारण नाही.

म्हणून या पुस्तकाच्या शेवटी जो वहीचा नमुना दिला आहे, तो मला सर्व प्रकरणांहून महत्त्वाचा वाटतो. रोज प्रत्येक माणसापुढे पाच-सहा खुणा : जेवला किती, पाणी किती, शौच झाले का, लघवी झाली का, पाठ पाहिली का, नेहमीसारखा बोलला का. महिन्यातून एकदा वजन. औषध बदलले तर तारीख आणि कुणी बदलले. वही भरायला एका माणसामागे मिनिटभर लागते. फेरीचा डॉक्टर पंधरा दिवसांनी येईल तेव्हा ‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारण्याऐवजी तो वही उघडेल. पाथर्डीला किंवा नगरला हलवायची वेळ आली तर पिशवीऐवजी त्या पानाची झेरॉक्स बरोबर जाईल. हीच वही वस्तीवरच्या घरातही चालते. तिथे चौथीतला नातू ती भरू शकतो.

मराठीत हे काम करणाऱ्या मावशी, परिचारिका, संस्थाचालक यांना समोर ठेवून लिहिलेली पुस्तके कमी आहेत. या पुस्तकाची भाषा त्यांच्या कामाची आहे, वॉर्डातली आणि न्हाणीतली. काही ठिकाणी ती अधिक सोपी करता आली असती. बद्धकोष्ठावरचे प्रकरण तर मी स्वतः अर्ध्यावर आणले असते. पण त्यात चुकीचे काही नाही आणि जे सांगितले आहे ते पैशाशिवायही करता येण्याजोगे आहे. संस्थाचालकांनी ते कार्यालयाच्या कपाटात ठेवू नये, मावशींच्या खोलीत ठेवावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे.

आणि जे वाचक कुठल्याच संस्थेत नाहीत, पण वाढदिवसाला किंवा वडिलांच्या पुण्यतिथीला वृद्धाश्रमात जेवण देतात, फळे वाटतात, फोटो काढतात, त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी जाल तेव्हा आधी विचारा, इथे वजनकाटा आहे का, साखर तपासायचे यंत्र चालू आहे का, हवेच्या गाद्या किती आहेत, रात्री किती मावशी असतात. जे नसेल ते द्या. जेवण एका दुपारचे असते. रात्रपाळीच्या दुसऱ्या मावशीचा एक महिन्याचा पगार दिलात तर तीस रात्री कुणाची तरी कूस बदलली जाईल.